आरशातून टीव्ही बघणारे मास्तर

टीव्हीच्या दुकानात जाऊन टीव्हीकडे पाठ करून उभा राहणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. खिशातून दाढीचा गोल आरसा काढायचा, डोळ्यांसमोर धरायचा आणि त्यात मागचा टीव्ही बघायचा. वर दुकानदाराला हुकूम सोडायचे, "हं, लावा. आता थांबवा. हलतंय. हलतंय हो, बंद करा."

एकानं विचारलंही, "काका, पिक्चर बघायचाय की दाढी करायचीय?"

"दोन्ही नाही," मास्तर म्हणाले. "नाच शिकवायचाय."

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. यांना घरी घेऊन जा, असं त्याला म्हणायचं होतं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस? ते सांगतायत ते लाव."

मास्तर आमचे शेजारी. पनवेलला तळ्याच्या अलीकडे एक भातगिरणी होती, तिच्या वरच्या मजल्यावर आमच्या खोल्या. गिरणी चालू असली की भिंतीवरचे फोटो थरथरायचे आणि सगळ्या घरावर कोंड्याची पूड बसायची. मास्तर एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी करून रिटायर झालेले. लग्न केलेलं नव्हतं. तरुणपणी कधीतरी घर सोडून दक्षिणेत गेले, तिथं एका गुरूच्या घरी राहून भरतनाट्यम् शिकले आणि परत येऊन आयुष्यभर नटबोल्ट मोजले. रिटायर झाल्यावर म्हणाले, आता नाच शिकवतो.

नव्वद सालच्या आसपासचं पनवेल ते. पुरुषमाणूस नाच शिकवणार, तोही मुलींना. नवीन पनवेलला, कळंबोलीला बँकेतले, कंपन्यांतले लोक राहायला आले होते. त्यांना मुलींना नाच शिकवायची हौस होती आणि मास्तरांची भीतीही होती. त्यांनी अट घातली की शिकवताना खोलीत कुणीतरी वयस्क बाईमाणूस बसलेलं पाहिजे.

मास्तर माझ्या दारात आले. "वहिनी, तुम्ही तांदूळ निवडता ना?"

"निवडते. का?"

"ते माझ्या खोलीत बसून निवडाल का?"

अशी मी त्या दारात बसले ती कितीतरी वर्षं. गिरणी बंद झाली की वर्ग सुरू व्हायचा. मी तांदूळ निवडले, मेथी निवडली, लसूण सोलला, गोधड्या शिवल्या. मला नाच आवडत नव्हता. अजूनही फार आवडतो असं म्हणणार नाही. पण माणूस कसा आहे हे दारात बसून चांगलं कळतं. मास्तरांनी कधी एका मुलीला बोट लावलं नाही. लांबच, स्टुलाजवळ उभे राहून दांडक्यानं लाकडी ठोकळ्यावर ताल धरायचे आणि तोंडानं मारायचे. "कोपर काय वाळत घातलंय?" "ही मान आहे का दुधी?" एखादी रडकुंडीला आली की म्हणायचे, "सोपं आहे गं. फक्त आपल्याला येत नाही."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुधवाल्यालाही म्हणायचे, रॉकेलच्या रांगेतल्या माणसांनाही म्हणायचे. मला स्टोव्हची पिन लावता येईना तेव्हा मलाही म्हणाले. मी म्हटलं, "मग तुम्ही लावा." त्यांनी लावली आणि पिन आत मोडली.

एक दिवस ते मुलींना गुडघे वाकवून अर्धं बसायची रीत दाखवत होते. बसले ते उठलेच नाहीत. मुलींना वाटलं हे नाचातलंच आहे. त्याही समोर तशाच बसून राहिल्या, मांड्या थरथरेपर्यंत. मास्तरांच्या कपाळावर घाम बघून मी सूप बाजूला ठेवलं आणि काखेत हात घालून त्यांना उचललं. वजन काही नव्हतंच.

"सोपं आहे वहिनी," ते म्हणाले, "फक्त उठता येत नाही."

त्या दिवसापासून ते स्टुलावर बसले. हात, मान, डोळे दाखवायचे. पाय दाखवायला येईनात. आणि या नाचात पाय नसले तर काय राहतं? मुली ढिल्या पडायला लागल्या. दोन-तीन आया येऊन गोड बोलून मुलींना घेऊन गेल्या.

मास्तरांकडे एक व्हिडिओ कॅसेट होती. त्यांच्या गुरूंची. ऐंशीच्या पुढचा म्हातारा, उघडाबंब, आपल्या घराच्या ओसरीवर नाचतोय आणि मागे भिंतीवर कॅलेंडर लटकतंय. कुण्या शिष्याच्या मेव्हण्याकडे लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा होता, त्यानं ते उतरवून घेतलेलं. त्यात तो मोठा नाच होता, वर्णम् म्हणतात त्याला. अर्धा तास चालतो आणि नाचणारीचा जीव काढतो. गुरू पुढे वारले. त्यांनी बसवलेलं ते वर्णम् पूर्ण असं दोनच ठिकाणी उरलं, एक त्या कॅसेटीत आणि एक मास्तरांच्या अंगात. त्यातलं अंग आता कामातून गेलं होतं.

तेव्हा लोक सिनेमा बघायला दिवसाच्या भाड्यानं टीव्ही आणि व्हीसीआर आणायचे. मास्तरांनी तसा तो आणवला, मोठ्या मुलींना कॅसेट लावून दिली आणि स्वतः गुडघ्याच्या उपचाराला पुण्याला भावाकडे गेले. मला सांगून गेले, "बघून बघून करू दे त्यांना. तुम्ही फक्त दारात बसा."

परत आले तेव्हा मुली तयार होत्या. छान लयीत, एकीसारखी दुसरी. मास्तर ठोकळ्यावर ताल देत होते, चेहरा खुललेला. मग देवाला फूल वाहायची जागा आली. सगळ्या मुलींनी अगदी भक्तिभावानं डाव्या हातानं देवाला फूल वाहिलं.

मास्तरांचं दांडकं थांबलं.

झालं होतं असं. मास्तर समोर उभे राहून शिकवायचे तेव्हा मुलींना सोपं जावं म्हणून स्वतः उलटं नाचायचे. मुलींचा उजवा तो त्यांचा डावा. वर्षानुवर्षांची सवय, त्यांनी ती कधी बोलूनही दाखवली नव्हती. गुरू मात्र कॅमेऱ्यासमोर सरळ नाचले होते. मुली समोरच्यासारखं करायला शिकलेल्या, त्यांनी टीव्हीसमोरही तेच केलं. अख्खं वर्णम् डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं होऊन बसलं होतं.

"तुम्हाला काही वाटलं नाही?" मास्तरांनी मुलींना विचारलं.

"टीव्हीत तसंच आहे, मास्तर," एकजण म्हणाली.

मला वाटलं आता दांडकं फेकून मारतात. पण ते हसायला लागले. इतके हसले की गुडघा धरून बसले.

दुसऱ्या दिवशी खालच्या सलूनवाल्याकडून त्यांनी एक जुना लांब आरसा मागून आणला. भिंतीला टेकवला, टीव्हीचं तोंड आरशाकडे केलं आणि मुलींना सांगितलं, "टीव्हीकडे बघायचं नाही. आरशात बघायचं." आरशात गुरूंचा उजवा हात मुलींच्या उजव्या बाजूला आला. मागच्या कॅलेंडरवरची अक्षरं उलटी झाली. मास्तर म्हणाले, "कॅलेंडर उलटं दिसलं की हात सुलटे समजायचे." मला ते पहिल्यांदा कळलं नाही. दोन दिवस बघितल्यावर कळलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण रंजना होती.

रंजना पनवेलजवळच्या विचुंबे गावची. शाळेला पनवेलला यायची, शाळेतून वर्गाला. बाप न्हावाशेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवायचा. काळी, लांब हातांची, गप्प मुलगी. बाकीच्या मुली नाच करून दाखवायच्या, ही करायची. याहून चांगलं मला सांगता येत नाही. ती नाचायला लागली की माझ्या सुपातले खडे तसेच राहायचे. मास्तर तिला सगळ्यांत जास्त बोलायचे, यावरून काय ते समजा.

रंजनाची दहावी झाली आणि बापानं तिचं पनवेलला येणं बंद केलं. मास्तर मला घेऊन त्याच्या घरी गेले. तो पडवीत उभा होता, दारात मावणार नाही असा आडवा माणूस.

"मास्तर, तुमी चांगले हाव, तुमच्यावर राग नाय," तो म्हणाला. "पन पोर मोठी झाली. पनवेलीशी येताना अंधार व्हतो. आनि नाचून तिला काय भेटनार? दिवाळीनंतर लगीन बघतोय मी."

"तिला एक गोष्ट द्यायची राहिलीय," मास्तर म्हणाले. "मी इथं येतो. तुमच्यासमोर शिकवतो. वहिनी येतील बरोबर."

"तुमी येनार? त्या पायानं?"

"पाय माझा आहे, तो मी आणीन. तुम्ही पडवी द्या."

रंजना आतल्या दाराआड उभी होती. बापानं मागे न बघता विचारलं, "तुला पायजे का गं?"

आतून आवाज आला, "पायजे."

बापानं मिशी चोळली. मग म्हणाला, "पावसाला लागेपरत. फुडं नाय. आनि आमच्याकडं लाइटचा भरवसा नाय, हे आदीच सांगतो."

म्हणून मास्तरांना हिंडवता येईल असा व्हिडिओ हवा होता. भाड्याचा टीव्ही एकीकडे आणि मशीन एकीकडे, असला संसार विचुंब्याला कोण नेणार? त्यांनी फंडातले काही पैसे काढले आणि मला म्हणाले, "वहिनी, मुंबईला चला. तुम्ही तोंडावर खरं बोलता. दुकानात असं माणूस बरोबर असलेलं बरं."

एसटीनं गेलो. फोर्टात परदेशी मालाची दुकानं होती, ती पालथी घातली. मास्तर प्रत्येक दुकानात तीन परीक्षा घ्यायचे. पहिली, मशीन एका हातात उचलून दुकानाच्या पायऱ्या उतरून चढायच्या, कारण दुसऱ्या हातात काठी. दुकानदार मागे धावायचे, त्यांना वाटायचं म्हातारा पळाला. दुसरी, पाठ करून आरशात बघायचं, हे सांगितलंच. तिसरी, गुरूंची कॅसेट घालून ठरलेल्या जागी चित्र थांबवायचं. गुरूंनी पाय उचललेला असायचा, खाली टेकलेला नसायचा. तिथं चित्र थरथरलं, रेघा आल्या, की मशीन नापास.

एक मशीन फार देखणं होतं, चित्र अगदी पाण्यासारखं स्वच्छ. मास्तर उचलायला गेले आणि तिथंच बसले. दुसरं जेवणाच्या डब्याएवढं, खांद्याला अडकवायचं. मास्तरांच्या डोळ्यांत चमक आली. पण त्याला कॅसेटच वेगळी लागायची, लहान. आणि त्याचा पडदा पोस्टकार्डाएवढा.

"यात काय कमी आहे?" दुकानदार म्हणाला. "प्रवासात बघायला एकदम बेस्ट."

मी म्हटलं, "यात आमचा म्हातारा मुंगीएवढा दिसेल. ती पोरगी मुंगीकडून शिकेल का?"

तिसऱ्या दुकानात एक जुनं मशीन निघालं. कुणा बोटीवरच्या माणसानं विकलेलं. टीव्ही आणि कॅसेटचं तोंड एकाच डब्यात, वर पत्र्याच्या पेटीसारखी मूठ, एक कोपरा चेपलेला. दिसायला अगदी भिकार. पण गाडीच्या बॅटरीवर चालणारं. मास्तर पायऱ्या उतरून चढून आले. पाठ केली, आरसा धरला. "थांबवा."

गुरूंचा पाय हवेत थांबला. हलला नाही.

मास्तर किती तरी वेळ आरशात बघत राहिले. दुकानदार म्हणाला, "काका, एक सांगतो. असं थांबवून ठेवू नका. थांबवलं की टेप घासते. सारखं एकाच जागी थांबवलंत तर तिथली टेप जाणार."

"दुसरी कॉपी करून देता येईल?"

"येईल. पण कॉपीत चेहरा पुसट येतो."

"चेहरा राहू दे. पायाच्या कडा?"

"त्याही पुसट."

मास्तरांनी आरसा खिशात घातला. "मग हीच वापरायची," ते म्हणाले. घरी येताना एसटीत ते मशीन मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं वर ठेवायला सांगितलं तर म्हणाले, "त्यात आमचे गुरू आहेत." कंडक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

विचुंब्याला पडवीत रंजनाच्या आईचं लोखंडी कपाट होतं, आरशाचं. त्या आरशासमोर मशीन ठेवायचं, मास्तर बाजूला खुर्चीत, मी उंबऱ्यावर. पहिल्याच दिवशी लाइट गेली. रंजनाचा बाप बाहेर गेला, ट्रेलरची एक बॅटरी काढून पोटाशी धरून घेऊन आला आणि चिमटे लावून दिले. म्हणाला, "मी घरी आसन तंवर वापरा. मंग मना गाडी काढाया लागंल." आणि मळ्याकडे निघून गेला. नाच बघायला थांबला नाही. पुढेही कधी थांबला नाही. पडवीत शिकवणं चालू झालं की तो काहीतरी काम काढून बाहेर जायचा.

मास्तर कॅसेट फार जपून थांबवायचे. तरी थांबवावी लागायची. पायाच्या अवघड जागा होत्या तिथं हळूहळू पांढऱ्या रेघा यायला लागल्या, मग पावसासारखं काहीतरी. ज्या जागा रंजनाला आल्या, नेमक्या त्याच कॅसेटीतून पुसल्या गेल्या. मी एकदा म्हटलं, "मास्तर, संपत आली हो तुमची कॅसेट."

"संपू दे," ते म्हणाले. "फक्त तिथून जायच्या आधी इथं आलं पाहिजे," आणि रंजनाच्या पायांकडे बोट दाखवलं.

पोरगीही जिद्दीची. एकदा एका जागेवर अडली, पुन्हा पुन्हा अडली. मास्तर म्हणाले, "सोपं आहे गं..."

"नाय सोपं!" ती ओरडली. "कवापासून सोपं सोपं करतावं. तुमी करून दाखवा ना!"

मी म्हटलं आता झालं. मास्तरांनी दांडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. सोपं नाही." त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा आणि शेवटचं ऐकलं. रंजनानं डोळे पुसले आणि पुन्हा उभी राहिली.

त्याच पावसाळ्यात मास्तर गेले. गिरणी सुरू झाली, फोटो थरथरले तरी दार उघडलं नाही म्हणून मी बघायला गेले. झोपेतच गेले होते. मी कुणाच्या मरणावर फार रडत नाही, तेव्हाही रडले नाही. दार लोटून घेतलं आणि त्यांच्या भावाला तार करायला खाली उतरले. त्या खोलीत पुढे दुसरं बिऱ्हाड आलं, चांगली माणसं होती. मला मात्र संध्याकाळी तांदूळ कुठं निवडायचे ते बरेच दिवस कळेना.

पण मास्तर म्हटलं की मला तो दिवस आठवत नाही. त्याच्या थोडं आधीची, मे महिन्यातली विचुंब्याची एक संध्याकाळ आठवते.

त्या दिवशी पहिल्यांदा वर्णम् सलग करायचं ठरलं होतं, न थांबता. लाइट नव्हतीच. बॅटरी लावलेली. कपाटाच्या आरशात गुरू नाचत होते, निम्मे रेघांत झाकलेले, आणि पडवीत रंजना. अर्ध्यावर आलं असेल नसेल, बाप अंगणातून आला. चप्पल काढून दाराशी उभा राहिला.

"मास्तर, मना निघाया लागंल. न्हावाशेव्याला माल चढवाचा हाय, गेटवर नंबर लागलाय. ब्याटरी..." त्याला बोलायला जड जात होतं. "उद्या करूया का?"

मास्तरांनी रंजनावरची नजर काढली नाही. "न्या," ते म्हणाले.

बापानं वाकून चिमटे काढले. गुरू एका ठिपक्याएवढे झाले आणि गेले. आरसा काळा झाला. त्यात आता फक्त रंजना होती, आणि मागे अंगणातला उरलेला उजेड.

तिचा पाय क्षणभर अडला. तिनं मास्तरांकडे बघितलं.

"पुढं," मास्तर म्हणाले, आणि दांडकं ठोकळ्यावर मारलं.

ती पुढं गेली. न बघता. ज्या जागांवर ती महिनाभर अडली होती, रडली होती, त्या एकामागून एक आल्या आणि गेल्या. मी मास्तरांकडे बघितलं तर त्यांच्या हातातलं दांडकं मांडीवर टेकलेलं. ताल कोण देतंय म्हणून बघते तर कोणीच नाही. पडवीच्या जमिनीवर तिचे पाय वाजत होते तेवढेच.

बाप बॅटरी पोटाशी धरून तसाच उभा होता. ती बॅटरी दोन माणसांनी उचलायची असते. त्याच्या दंडाच्या शिरा तटतटल्या होत्या.

मास्तर हळूच म्हणाले, "अहो, निघा तुम्ही. उशीर होईल."

"जातो," तो म्हणाला. "गेट काय पलून जातंय का?"

आणि बॅटरी खाली न ठेवता, ती फूल वाहून नमस्कार करेपर्यंत तो तिथंच उभा राहिला.